केक कापल्यावर

संत्र्याच्या सालीवर सुईच्या टोकाएवढे खळगे असतात आणि प्रत्येक खळग्याखाली तेलाची एक बारीक पिशवी असते. साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली की ते तेल तुषारांसारखं ज्योतीत जातं आणि क्षणभर ठिणग्या उडतात. तानी तीन वर्षांची असताना मी तिला हा खेळ दाखवला होता. तेव्हापासून घरात संत्रं सोललं की साल तिचीच.

त्या शुक्रवारी ती सहा वर्षांची झाली. शुक्रवारी बोईसरचे कारखाने बंद, म्हणून एकनाथ घरी होता. संध्याकाळी त्याची माणसं आलेवाडीहून यायची होती. सरावलीच्या आमच्या दोन खोल्यांत तो संत्री सोलत बसला होता आणि मी किसणीवर सालीचा फक्त वरचा केशरी भाग काढून घेत होते. खालचा पांढरा भाग आला की केक कडू होतो.

"आज सांगशील ना?" मी विचारलं. पालघरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. सासूबाई नसताना मी त्याला एकेरीतच बोलायची.

"केक कापल्यावर सांगतो."

"गेल्या वर्षी जत्रा झाल्यावर सांगणार होतास."

"तेव्हा आयेचे गुडघे दुखत होते."

"ती काय गुडघ्यांनी ऐकणार होती?"

तो हसला नाही. त्याने सोललेलं संत्रं पुन्हा नीट गोल जुळवून ताटात ठेवलं.

तानीला ऐकू येत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून तसं सांगितलं होतं. अशा मुलांना ठेवून घेणारी, त्यांना बोलायला शिकवणारी मुंबईतलीच एक शाळा आम्ही पाहून आलो होतो. जितका उशीर कराल तितकं तिला जड जाईल, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. त्यांनी एक जागा मार्चअखेरपर्यंत धरून ठेवली होती, आणि त्यांना वडिलांची सही हवी होती. एकनाथला सगळं पटत होतं. पण सासूबाईंनी डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलला होता: पोर बोललं की त्याच्या वजनाइतके नारळ. नवसाचं पोर असं परक्या दारात नेऊन ठेवायचं म्हणजे देवीवर भरवसा नाही असं व्हायचं. आईला न सांगता सही करायची नाही, हे एकनाथचं ठरलेलं होतं, आणि सांगणं त्याच्याने होत नव्हतं. मी काय करणार? सकाळी उठून पुन्हा विचारायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

साडेसहाच्या सुमारास मंडळी आली. सासूबाई, म्हणजे येसूबाई, पुढे. मागे धाकटे दीर वामनभाऊजी आणि त्यांची बायको चंद्रकांता.

"कसला वास येतो गो वयनी?" चंद्रकांताने दारातूनच विचारलं. "अत्तर सांडलं का काय?"

"संत्र्याचा केक करतेय."

"आमाला वाटलं, सुक्या बोंबलाचा करशील. लवकर संपला असता."

"तुझ्या पानात बोंबील वाढते, बस."

सासरची सगळी मासेमारी करणारी. होडीवर मशीन चालू असलं की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही. जाळं ओढा, थांबा, उजवीकडे घ्या, सगळं हाताने चालतं. ती सवय या माणसांच्या अंगातच मुरली होती. वामनभाऊजी पाणी मागायचे तेसुद्धा तोंडाच्या आधी हाताने. आत्ताही ते "इकडं ये" म्हणाले आणि त्याआधीच त्यांची बोटं हलली होती. तानी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "आमचा सगळा ऐकते. तुमच्याशी बोलायचं नाय तिला. तुमी लय शिकलेली."

हे दर वेळी व्हायचं. तिच्या पाठीमागून, हात न हलवता हाक मारून बघा, असं मी एकदा म्हटलं होतं. "पोराची परीक्षा घेतात का?" म्हणून त्या दोन महिने आल्या नव्हत्या.

मी पिठात सोडा मिसळलेला होता. वर संत्र्याचा रस ओतला. बुडबुडे यायला लागले. हा वायू एकदा सुटू लागला की थांबत नाही. मिश्रण ताबडतोब तापायला हवं, नाहीतर सगळा वायू निघून जातो आणि केक खाली बसतो. मी भांडं विजेच्या गोल ओव्हनमध्ये ठेवलं आणि झाकण लावलं. झाकणाला मधोमध काच होती. तानी मांडीवरून उतरून आली आणि टेबलाशी उभी राहून त्या काचेतून बघू लागली. केक हळूहळू वर आला, वरून पिवळा झाला. एकनाथने माझ्याकडे पाहून मान हलवली. सांगणार होता.

तेवढ्यात वीज गेली.

बाहेर सगळी वस्ती काळी झाली. आतला केक अजून मधे कच्चा होता. झाकण उघडलं तर लगेच बसणार, न उघडलं तर थोड्या वेळाने.

"तानी!" सासूबाईंनी हाक मारली. "तानी गो, कुठं हायस?"

"तानू, काकाकडं ये," वामनभाऊजी. अंधारात त्यांचे हात हलत असणार.

"हललीस तर पडशील गो! तानी!" चंद्रकांता ओरडली.

तिघंही हाका मारत होती. आवाज चढत होता. वीज गेली की तानी जिथे असेल तिथेच उभी राहते, हे मला माहीत होतं. मला तिचा श्वासही ऐकू येत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाही.

"बाहेर तर गेली नाय? वामन, दार बघ रे!" सासूबाई ओरडल्या.

एकनाथने काडी ओढून मेणबत्ती लावली.

तानी सासूबाईंपासून हातभर अंतरावरच उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून. दोन्ही तळहात ओव्हनच्या टेबलावर. एवढ्या आरडाओरड्यात तिने मानसुद्धा वळवली नव्हती. उजेड दिसला तशी ती वळली, सगळ्यांचे चेहरे पाहून गोंधळली, मग टेबलावरची एक साल उचलून तिने ज्योतीशी दाबली. ठिणग्या उडाल्या. ती हसली, तिच्या त्या घशातल्या हसण्याने.

वामनभाऊजी स्वतःच्या हातांकडे बघत होते. चंद्रकांता पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

"एवढ्या हाका मारल्या," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी तर हितंच होते."

काचेआड केकचा मधला भाग खाली जायला लागला होता. मला तो सावरता येण्यासारखा नव्हता. एकनाथने मेणबत्ती टेबलावर ठेवली आणि आईच्या पायाशी खाली बसला.

"आये," तो म्हणाला, "तानीला ऐकायला येत नाय. तिला मुंबयच्या शाळेत ठेवतो. उद्या सही करतो."