रंगाचा दुसरा हात

टेबलावर एक गाडी होती, अर्धवट. बॉडी एक, रंग न दिलेली. चाकं चार, टायर चार, पण टायर अजून चाकांवर चढवलेले नव्हते. सुटे भाग ज्यांत जडलेले असतात अशा प्लॅस्टिकच्या चौकटी तीन, आणि तिन्हींत मिळून न कापलेले भाग एक्केचाळीस. काचा सहा, पातळ कागदात गुंडाळलेल्या. रंगाच्या अंगठ्याएवढ्या बाटल्या बारा. त्यातल्या पाच वाळून खडा झालेल्या. चिमटे दोन, एक सरळ टोकाचा, एक वाकड्या. भाग कापायची छोटी पक्कड, कटर, कानस, पुट्टीची ट्यूब आणि पॉलिश पेपरचे तुकडे, चारशे, आठशे, पंधराशे नंबरचे. ते तुकडे किती, हे दिपालीनं दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा तिनं मोजलं नाही.

ही मोजदाद तिनं तेराव्याचे पाहुणे गेल्यावर केली. टेबल तिच्या मोठ्या भावाचं, आदिनाथचं. तो बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि शनिवारी मोटारसायकलवर सिरसाळ्याला घरी यायचा. जानेवारीतल्या एका शनिवारी तेलगावच्या अलीकडं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्यावरच उभ्या होत्या. मागं लाल दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. आदिनाथ सव्वीस वर्षांचा होता.

गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी होती. जुन्या घाटाची, दोन दारांची. पेटीवर सगळा मजकूर जपानी. अशा तीन गाड्या त्यानं आधी पुऱ्या केल्या होत्या, पण त्या मित्रांना देऊन टाकल्या. ही तो स्वतःसाठी करत होता. दिवाळीपासून नुसत्या बॉडीवरच बसला होता. साच्यातून येताना छताला एक बारीकसा खळगा राहिला होता. तो पुट्टीनं भरायचा, वाळू द्यायचा, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून घासायचा, खिडकीपाशी उजेडात तिरपी धरून बघायचा, की पुन्हा पुट्टी. दारांच्या कडेच्या रेघा त्यानं सुईच्या टोकानं एकेक खोल केल्या होत्या. दिपाली विचारायची, "दादा, खळगा दिसतोय कुणाला?" तो म्हणायचा, "रंग मारल्यावर दिसतो. रंग काय झाकत नसतो, दीपे. उघडं पाडतो."

बाजारात तशी दुसरी पेटी मिळाली असती. पण तिच्या छतावर त्याचा हात फिरलेला नसता.

आई, विमलबाई, त्या टेबलाला कुणाला हात लावू देत नव्हती. भाग कापताना पडलेले दाण्याएवढे तुकडेसुद्धा तिनं वेचून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरले होते. "त्याच्या पेटीतलं एक चिपाड सुदिक वाया जायचं न्हाई," तिनं दोघांना सांगून ठेवलं होतं.

वडिलांचं, पंडितरावांचं, स्टँडमागं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. तेराव्यानंतर ते रोज शटर उघडायचे आणि गिऱ्हाईक आलं की उद्याचा वायदा करायचे. पाडव्याच्या आसपास एकदा जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"दीपे, ती गाडी मी रंगवणार."

"कोणती?" विचारून झाल्यावर तिला कळलं.

"त्यानं मागितलता रंग. मोरपंखी. आपण अर्जुनरावांच्या जीपला मारलता बघ, तसला. म्हणला, अण्णा, तुमच्या हातानं कालवून द्या, डबीभर. मी म्हणलं, खेळण्याला कुठं गाड्याचा एनसी पेंट मारत असत्येत का बे? हासलो मी." ते थांबले. "तो बी हासला."

विमलबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. ती वळली नाही, पण हातातलं उलथनं थांबलं.

"अण्णा, दादा पाण्यातला रंग मारायचा," दिपाली म्हणाली. "तुमच्या रंगात थिनर असतो. थिनरनं प्लॅस्टिक विरघळतं. कॉलेजात आमी थर्माकोल ॲसिटोनमध्ये टाकून बघितलंय. ताटभर थर्माकोलचा चमचाभर चिकटा होतो."

"बंपर कशाचा असतो?"

"प्लॅस्टिकचा."

"मग? इतके बंपर मारले, एक तरी वितळला का?"

"ते प्लॅस्टिक वेगळं."

"आन हे कोणचं?"

हे तिला माहीत नव्हतं. ती रसायनशास्त्रात बीएस्सी झाली होती, पहिल्या वर्गात. आणि समोरचा पांढरा तुकडा नेमका कशाचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही एवढं तिला नक्की माहीत होतं. म्हणून तिनं जे कुणीही शिकलेलं माणूस म्हणेल तेच म्हटलं. "आधी बारक्या तुकड्यावर करून बघू. चौकटीचा एक कोपरा कापते."

"न्हाई," विमलबाई म्हणाली. "त्याच्यातलं कायबी कापायचं न्हाई."

"अगं आई, चौकट नंतर फेकूनच द्यायची असते."

"तो फेकंल तवा फेकंल."



उपाय दिपालीलाच सुचला. आदिनाथच्या खिडकीच्या गजाला सुतळीत ओवलेले प्लॅस्टिकचे चमचे लटकत होते. लाल, राखाडी, गडद हिरवा. कुठलाही रंग गाडीवर मारायच्या आधी तो चमच्यावर मारून बघायचा. चमच्याची पाठ बॉनेटसारखी गोल असते, म्हणायचा. आपणही तसंच करू. चमचाही प्लॅस्टिकचा, गाडीही प्लॅस्टिकची, आणि आईच्या बाटलीला धक्का नाही.

गॅरेजसमोर धुळाजीचं लस्सीचं दुकान होतं. धुळाजी पंडितरावांचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मूठभर चमचे दिले आणि मागोमाग स्वतःच रस्ता ओलांडून आला.

"पंडित्या, चमचे रंगवायला बसला का बे? हे काम तर इलेक्शनात असतं."

"गप बस."

"न्हाई, मी म्हणतो, बरा धंदा हाय. चमच्याला डेंट न्हाई, इन्शुरन्स न्हाई." मग त्याला फळीवर फडक्यात ठेवलेली छोटी बॉडी दिसली. तो जवळ गेला, हात मागं बांधून वाकला आणि बराच वेळ तसाच बघत राहिला. "आदूची व्हय," म्हणाला. "लई गुळगुळीत केली की रे पोरानं." आणि परत जाताना लस्सीचे दोन ग्लास न सांगता ठेवून गेला.

दिपालीनं चाचणी नीट केली. एका चमच्यावर रंग मारला. दुसरा थिनरच्या बोळ्यानं पुसला. तिसऱ्याचं टोक थिनरनं भरलेल्या काचेच्या वाटीत बुडवून, वर झाकण ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच सोडलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही चमचे तिनं उन्हात भिंगाखाली धरले. तडा नाही, सुरकुती नाही, बुडवलेलं टोक मऊसुद्धा पडलेलं नाही. एकच गोष्ट तिला खटकली. रंगवलेल्या चमच्यावर तिनं नख ओढलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी रंगाची अख्खी साल निघून आली.

"हे बघा, रंगानं धरलंच नाही."

"घासलं न्हाई ना आपण," पंडितराव म्हणाले. "गुळगुळीतावर कुठून धरंल? त्यानं पंधराशेनं घासलंय. त्याच्यावर धरंल."

उत्तर चुकीचं नव्हतं. घासलेल्या पृष्ठभागावर रंग जास्त चांगला धरतो. दिपालीनं मान हलवली.

रविवारी गॅरेज बंद असतं. त्या दुपारी त्यांनी अर्धं शटर ओढून घेतलं. धूळ उडू नये म्हणून पंडितरावांनी फरशीवर पाणी मारलं. मग ते रंग कालवायला बसले. निळा, हिरवा, काळ्याचा एक थेंब, वर चिमटीभर चंदेरी पूड. काडीनं ढवळायचे, काडी उजेडात धरायचे, मान तिरपी करायचे, पुन्हा एक थेंब. उजेडात मान तिरपी करायची ती लकब दिपालीनं घरात दुसऱ्या एका माणसाची पाहिली होती. ती बाहेर रस्त्याकडं बघत राहिली.

"हा," शेवटी ते म्हणाले. "हाच तो."

जुन्या साडीच्या तुकड्यातून त्यांनी रंग गाळला आणि फवारायच्या पिस्तुलात ओतला. बॉडी एका उभ्या काठीच्या टोकाला चिकटपट्टीनं अडकवली होती. दिपालीनं काठी धरली. कंप्रेसर घरघरला. पहिला हात त्यांनी लांबून दिला, धुक्यासारखा. बॉडीवर मोरपंखी सावली पडली आणि लगेच वाळून मंद झाली.

दिपालीनं काठी हळूहळू फिरवत भिंगातून पाहिलं. छत सपाट, रेघा स्वच्छ. सुईनं खोल केलेली दाराची रेघ आता काळसर उठून दिसत होती. तिनं छतावरचा खळगा शोधला. तो कुठं होता तेही तिला सापडलं नाही.

"अण्णा, दिसत नाही. कुठंच दिसत नाही."

पंडितरावांनी डोळे बाहीला पुसले. जानेवारीनंतर ते पहिल्यांदा हसले. "बोलव तुझ्या आईला."

विमलबाई आली, दारातच उभी राहिली, पदर तोंडाला लावून. वासानं म्हणून असेल.

आता दुसरा हात. पहिला हात पकडीसाठी, दुसरा चमकीसाठी, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. दुसरा हात ओला द्यायचा असतो. जवळून, सावकाश, रंग एकमेकांत मिसळून आरशासारखा बसेपर्यंत. त्यांनी श्वास धरला आणि बॉनेटपासून छतावरून मागंपर्यंत एका दमात पिस्तूल नेलं. मग उलट.

गाडी ओली झळकली. छतावर शटरखालची उन्हाची पट्टी उमटली. विमलबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

मग ती पट्टी वाकडी झाली.

दिपालीला आधी वाटलं, आपला हात हलला. हात स्थिर होता. छतावर दुधावर साय धरावी तशी सुरकुती सरकत होती. बॉनेटवर बारीक तडे उगवले, कोरड्या तळ्याच्या गाळासारखे. छताला तोलून धरणारे पुढचे दोन खांब, काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक, आत झुकले आणि छत मधून खाली बसायला लागलं.

"उचलतो मी, आतनं बोटानं..." पंडितराव पुढं आले.

"अण्णा, नको! हात लावू नका. हात लावला तर सगळंच येईल हाताला."

ते थांबले. तिघं बघत राहिले. कंप्रेसर आपोआप सुरू झाला, टाकी भरली, आपोआप बंद पडला.

"रंग मातर तसाच हाय," विमलबाई म्हणाली. "जीपचा होता तसाच." आणि ती घरी निघून गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिपालीनं तांब्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं. "आई, तुझ्या बाटलीतला एक तुकडा दे," ती म्हणाली. विमलबाईनं बाटली तशीच पुढं केली. दिपालीनं लस्सीच्या चमच्याचा एक तुकडा कापून पाण्यात टाकला. तो वर आला. तिनं बोटानं तो तळापर्यंत दाबला, सोडला, पुन्हा वर आला. मग बाटलीतला तुकडा टाकला. तो सरळ खाली गेला आणि तळाशी बसला.

पंडितराव दाराला टेकून बघत होते.

"काय झालं?"

"चमचा पाण्यावर तरंगतो, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा आहे. बंपरच्या जातीचा. त्याला थिनर काही करत नाही, आणि आधी प्रायमर मारल्याशिवाय त्याच्यावर रंगही धरत नाही. म्हणून साल निघाली." तिचा आवाज वर्गात उत्तर देताना असावा तसा सपाट होता. "गाडीचं प्लॅस्टिक बुडतं, म्हणजे ते वेगळं, बहुतेक थर्माकोलच्या जातीचं. मी वेगळ्याच वस्तूची परीक्षा घेतली, अण्णा. हे पाण्यात टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. आईचा तुकडा खराबही झाला नसता. पुसून परत बाटलीत ठेवता आला असता."

तिनं तो तुकडा बोटानं बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि बाटलीत ठेवला. विमलबाईनं तिच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण लावलं.

"रंग मी मारला," पंडितराव म्हणाले.

"मी हो म्हटलं म्हणून मारला."

"तू न्हाई म्हणली असती तरी मारला असता. कवा तरी मारलाच असता." त्यांनी कोपऱ्यातली काठी पुढं आणली. गाडी अजून तिच्या टोकावरच होती, आता कडक वाळलेली. तिच्याकडं ते गिऱ्हाइकाच्या गाडीकडं बघावं तसं बघत होते, डोळे बारीक करून. "छत बसलेली गाडी आली तर मी आधी माप घेतो. दोन इंचापर्यंत बसलं आसंल तर उचलतो मी. त्याच्यापुढं गेलं तर पत्रा ताणून गेलेला असतो, मग कापावंच लागतं. माप घे."

"अण्णा, हा पत्रा नाही."

"घे तर खरं."

तिनं छतावर आडवी पट्टी ठेवली आणि व्हर्नियर कॅलिपरची खोली मोजायची बारीक कांडी पट्टीपासून खाली सोडली, छताला टेकेपर्यंत. दिवा जवळ ओढून आकडा वाचला. कांडी वर घेऊन पुन्हा सोडली, पुन्हा वाचला.

"तीन पूर्णांक दोन मिलिमीटर."

"तसं न्हाई. मोठ्या गाडीत किती?"

तिनं चोविसानं गुणलं.

"शहात्तर पूर्णांक आठ," ती म्हणाली. "तीन इंच."