पंधरावं होल्स्टर

“हलवू नका म्हटलं ना!” बायको स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

लिफ्टमनने हातातलं होल्स्टर अलगद टेबलावर ठेवलं. आवाज त्यालाही ऐकू आला होता. आत काहीतरी जड सरकलं होतं. लोखंडाचं.

सरकारी इस्पितळाच्या लिफ्टमध्ये एकतीस वर्षं स्टुलावर बसून त्याने माणसं वर-खाली नेली होती. स्वभावाने पक्का भित्रा. रस्त्यात टायर फुटलं तरी छातीवर हात ठेवायचा. आणि छंद काय, तर जुन्या घोडदळातल्या पिस्तुलांची चामडी होल्स्टरं जमवायचा! चौदा भिंतीवर टांगलेली, सगळी रिकामी. पिस्तुलाला त्याने जन्मात हात लावला नव्हता. “शूर माणसांची नुसती टरफलं गोळा करतात हे,” असं बायको शेजारणींना सांगायची, आणि रविवारी तीच त्या टरफलांना तेल चोळत बसायची.

हे पंधरावं भंगारवाल्याने दिलेलं. खोगिराला अडकवायचं, लांबोडकं. झाकण वाळून लाकडासारखं कडक झालेलं, उघडतच नव्हतं. रोज तेलाचं बोट फिरवताना त्याला वजन जरा जास्त वाटे. जाड चामडं आहे, त्याचं असेल, असं म्हणून तो विषय सोडून देई. आज मात्र आतलं सुटलं होतं.

“नदीत टाकून या,” बायको म्हणाली.

“आणि कुणी बघितलं तर?”

“मग चौकीवर द्या.”

“शिंप्याने काय केलं होतं? आजोबांची गंजकी बंदूक द्यायलाच गेला होता ना?”

समोरचा शिंपी तीन दिवस कोठडीत राहून परत आला होता. तेव्हापासून तो दुकानाचं अर्धंच शटर उघडत असे.

“आधी बघू तरी,” तो म्हणाला. “तू बहिणीकडे जाऊन बस तासभर.”

“मी कुठेही जाणार नाही.”

“आत भरलेलं पिस्तूल असलं तर?”

“म्हणूनच.”

त्याने दाढीचं पातं काढलं. होल्स्टरचं निमुळतं टोक, म्हणजे नळीचं तोंड. ते कुठे करायचं? उजवीकडे दारात बायको. डावीकडे फळ्यांची भिंत, तिच्यापलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं मूल झोपलेलं. समोर रस्त्यावरची खिडकी. तो क्षणभर थांबला. मग त्याने ते टोक स्वतःच्या पोटाकडे वळवलं.

बायकोने ते पाहिलं. “अहो...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कडेच्या शिवणीचा पहिला टाका तुटला. दुसरा. पातं लोखंडाला घासलं. काही झालं नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात उचलायची हिंमत नव्हती. सतरा टाके त्याने एकेक करून कापले. मग चामडं दोन बोटांनी फाकवलं.

आत घोड्याचा नाल होता. तेलकट चिंधीत बांधलेले आठ खिळेही.

त्याने नाल बोटाने उलटा केला. “दोन होल्स्टरं असायची,” तो पुटपुटला. “खोगिराच्या दोन्ही अंगांना. एकात पिस्तूल, दुसऱ्यात कधीकधी जादा नाल ठेवायचे. वाचलं होतं मी. वाचलं होतं, तरी...”

“नाल कोराच आहे की,” बायको जवळ येऊन म्हणाली. “उठा आता. तोंडावर पाणी मारा.”

तो उठला नाही. मान खाली घालून, मांड्या आवळून बसून राहिला.

तिने एकदाच खाली पाहिलं. मग कपाटातून धुतलेला पायजमा आणला, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं.

“सावकाश या,” ती आतून म्हणाली. “चहा झाकून ठेवते.”