दौलतसिंगाच्या हातावरचा पेढा

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या. कीर्तनाला अजून वेळ आहे, तोवर कामरगावच्या शालिकरामाची गोष्ट सांगतो.

शालिकराम कचेरीत शिपाई. उभा जन्म माठ भरण्यात आणि फायली वाहण्यात गेला. वयाची अठ्ठावन्न वर्षं पुरी होत आली, आणि बढतीचा हुकूम निघाला. कनिष्ठ लिपिक! खुर्ची, डोक्यावर पंखा, वर पगारवाढ. खरं तर पाळी आधी दौलतसिंगाची होती. तोही शिपाईच, याचा जुना जोडीदार. त्यानं बढती नको म्हणून लिहून दिलं, तेव्हा सगळी कचेरी हसली, की गडी लेखणीला भितो. शालिकरामही हसला.

त्या संध्याकाळी देवळात बुवांनी त्याला बुक्का लावला, स्वतःच्या गळ्यातला हार त्याला घातला. बायकोनं, कस्तुराबाईनं, गल्लीभर पेढे वाटले. पोरगी तनुजा अकोल्याला नर्सिंगला होती, तिची दोन वर्षं उरली होती. आपली नोकरीही तेवढीच उरली, देवानं कसं बेतून दिलं, असं तो ज्याला-त्याला सांगत होता.

खुर्चीवर बसून आठवडा झाला नसेल. मोठे बाबू सहज म्हणाले, पेन्शनचे कागद करायला घ्या शालिकराम, येत्या जेठ महिन्यात तुम्ही रिटायर.

त्याला वाटलं, थट्टा आहे. शेजारी दौलतसिंग ट्रेमध्ये पाणी घेऊन उभा होता. शालिकराम त्याच्याकडे पाहून हसला. दौलतसिंग हसला नाही.

"शिपायाले साठ, बाबूले अठ्ठावन," तो हळू म्हणाला. "म्हणून तं म्या नाही म्हटलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगितलं बे?"

"सांगाले आलतो तुह्या घरी. वयनीनं हातावर पेढा ठेवला. मंग तोंडच नाही उघडलं."

कानात नुसता पंखा घरघरत राहिला. शालिकराम उठला, माठापाशी गेला आणि सवयीनं एकेक गिलास भरू लागला. कोणी त्याला अडवलं नाही. मोठे बाबू म्हणाले, रुजू झालात, आता मागे फिरता येत नाही.

घरी कस्तुराबाईनं सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "मंग पेढे आपुन कायचे वाटले जी?"

जेठ आला. शाल मिळाली, नारळ मिळाला. पेन्शन बसली ती पगाराच्या अर्धी. पंधरवड्यानं कचेरीच्या फाटकाबाहेर एक हातगाडी लागली. कस्तुराबाईच्या भावाच्या मळ्यातली वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आणि मागे शालिकराम. पोरीचं शिक्षण काही त्यानं थांबू दिलं नाही.

दुपारी ऊन डोक्यावर आलं, की दौलतसिंग कचेरीतून ट्रे घेऊन बाहेर येतो. साहेबासमोर धरावा तसा अदबीनं समोर धरतो.

"बाबू, पाणी."

शालिकराम दुपट्ट्याला हात पुसतो, पाणी पितो, आणि रिकामा गिलास ट्रेमध्ये उपडा ठेवतो.

कोणाच्या बढतीचा पेढा तुमच्या हातावर आला तर खुशाल खा, बाप्पा. पण तोंडात घालण्याआधी, त्या दारात येऊन न बोलता परत गेलेल्या दौलतसिंगाची घटकाभर आठवण काढा.