आपल्या मायची आन

सुंदराबाईने पाजलं म्हणून मी जगलो. माझी जन्मदाती बाळंतपणातच गेली. शेजारच्या सुंदराबाईच्या मांडीवर तेव्हा तिचा शेषराव होता. तिने एका अंगाला त्याला घेतलं, दुसऱ्या अंगाला मला. मोठेपणी आम्ही दोघे भांडलो की ती म्हणायची, "पिऊन पिऊन मले वाळवलं दोघायनं, आता तरी गुण्यानं राहा." आम्ही दोघेही तिला मायच म्हणत होतो. तिसऱ्या माणसासमोर तिच्याविषयी बोलताना शेषराव 'माही माय' म्हणे आणि मीही 'माही माय' म्हणे. आम्ही दोघेच असलो की मात्र 'आपली माय'.

अमरावतीत आम्ही एकाच कापसाच्या जिनात कामाला होतो. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. पोस्टात नोकरीला असलेले उत्तमराव मास्तर शिकवायचे. आम्ही तिशीच्या घरातले गडी पाट्या घेऊन बसलो की बाया दारातून हसायच्या. नत्थुजी तर आजोबा झाला होता. 'ख' काढताना तो दरवेळी जीभ बाहेर काढायचा.

मला जोडाक्षरं वाचता यायला लागली त्या हिवाळ्यात गावात एक जाहिरात आली. टांग्यावर भोंगा लावलेला आणि मागे बसलेला माणूस गुलाबी कागद उधळत होता. एक कागद मी वर्गात आणला. मास्तरांनी धडा बाजूला ठेवला आणि तोच आमच्याकडून वाचून घेतला. अकोल्याच्या प्रदर्शनात एक खेळ येणार होता. तंबूत एका वकिलाचा बंगला उभा केलेला. वकिलाचा खून झालेला. तिकीट काढून आत जायचं, खोल्या पाहायच्या, घरातल्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि बाहेर पडताना खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पेटी उघडणार. बरोबर नाव लिहिणाऱ्याला रेडिओ.

रेडिओ म्हटल्यावर वर्ग ताठ बसला. आमच्या वस्तीत रेडिओ नव्हता. पलीकडच्या आळीतल्या हॉटेलात होता, पण तिथे आम्ही उभं राहिलेलं मालकाला खपत नसे. बातम्या ऐकायच्या असल्या तर भिंतीआडून. मास्तर म्हणाले, रेडिओ आला तर तो कुणाच्या घरी जाणार नाही, वर्गातच राहील. आणि चिठ्ठी लिहायची ती आपल्या हातानं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नाही.

तेव्हापासून वर्ग सुटला की आम्ही त्या खेळाचा सराव करायचो. एकाने चोर व्हायचं, मास्तरांचा डस्टर लपवायचा आणि बाकीच्यांनी विचारून विचारून त्याला पकडायचं. शेषराव चोर असला की कुणाला सापडत नसे. पूर्वी तो जलशात सोंगं करायचा, तोंडावरची माशी हलू द्यायचा नाही. मीच एकटा त्याला पकडायचो, कारण मी तोंडाकडे पाहत नव्हतो, वस्तूंकडे पाहत होतो. एकदा त्याच्या धोतराच्या काठाला खडूची भुकटी दिसली, एकदा चपलेखाली दबलेला कागद.

एका संध्याकाळी नत्थुजीने त्याला कोंडीत धरलं आणि म्हणाला, घे मायची आन की डस्टर तुह्याजवळ नाई. शेषराव थांबला. आम्ही सगळेच थांबलो. देवाधर्माच्या शपथा आम्ही छप्पन सालीच सोडल्या होत्या. उरली होती ती एकच. दारात बसून तूर निवडत असलेली माय तिथूनच बोलली, "खेळात माही आन घेसान तं जेवाले नका येऊ." शेषरावने शपथ घेतली नाही, डस्टर काढून दिला. मग सगळ्यांनी नियमच केला की खेळात काहीही खोटं बोलावं, मायची आन घ्यायची नाही.

प्रदर्शन सुरू होण्याच्या आठवडाभर आधी शेषराव अकोल्याला गेला. तिथल्या जिनात काही दिवसांचं काम मिळालंय, तिथेच भेटू, असं सांगून गेला. अकोल्याहून निरोप आला नाही, पण त्यात वेगळं काही वाटलं नाही. वर्गाने माझं आणि नत्थुजीचं तिकीट केलं आणि शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत नत्थुजीने मायने दिलेल्या भाकरी आणि ठेचा संपवला. वाटेत तो मला सारखं सांगत होता की अशा गोष्टीत बायकोनेच मारलेलं असतं. मी म्हटलं, तुम्ही अजून जिवंत आहात ना. तो म्हणाला, "म्हणूनच सांगून राहिलो, दररोज तिच्या हातून वाचून राहिलो."

तंबूच्या तोंडाशी कोट घातलेला एक माणूस स्टुलावर उभा होता. तो कंपनीचा मालक, रविकांत. त्याने पुणेरी बोलीत नियम सांगितले. प्रत्येकाला प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारता येईल. खुनी खोटं बोलेल, बाकी सगळे खरंच बोलतील. आत काय ऐकलं ते चिठ्ठी टाकेपर्यंत कुणी कुणाला सांगायचं नाही.

आत बैठक होती, माडीचा जिना होता, मागे अंगण. बैठकीत पांढऱ्या चादरीखाली पेंढ्याचा वकील निजवलेला. त्याची विधवा कोपऱ्यात बसून पदराआडून रडत होती. पुतण्या चष्मा पुसत फिरत होता. डॉक्टर घड्याळ बघत होता. अंगणात, पायरीवर, खांद्यावर पंचा टाकून वकिलाचा नोकर बसला होता. तो शेषराव होता.

मी जागीच उभा राहिलो. त्यानेही मला पाहिलं, पण तोंडावरची माशी हलली नाही. लोक विचारत होते आणि तो पुणेरी बोलीत उत्तरं देत होता: मी रात्रभर इथेच झोपलो होतो, साहेब. मी काहीच ऐकलं नाही, साहेब. जिनातल्या कामाचं त्याने आम्हाला खोटं सांगितलं, हे मला कळलं. पण खरं सांगतो, तेव्हा राग आला नाही, आनंद झाला. आपला माणूस आत आहे असं वाटलं.

मग मी वस्तू पाहायला लागलो. पायरीशेजारी, नोकर जिथे झोपला असं सांगत होता तिथे, घडी केलेली घोंगडी होती. मी घडीचा कोपरा उचलला. आत डांबरगोळ्या होत्या, चार-पाच, जशा ट्रंकेतून काढताना असतात तशा. रात्रभर पांघरलेल्या घोंगडीच्या घडीत डांबरगोळ्या राहत नाहीत. म्हणजे नोकर तिथे झोपलाच नव्हता. म्हणजे तो खोटं बोलत होता. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. वाटलं, सापडलं. रेडिओ वर्गात आला.

तरी माझा एक प्रश्न राहिला होता. गर्दी बैठकीकडे सरकली, अंगणात आम्ही दोघेच उरलो. मी विचारलं, खून तू केला काय. शेषरावने इकडेतिकडे पाहिलं. मग पुणेरी बोली सोडून, आपल्या बोलीत, खालच्या आवाजात म्हणाला:

"मोत्या, माहं नाव नको लिहू. आपल्या मायची आन, मी नाई मारलं त्याले."

घोंगडीचं मनातून काढून टाकलं. वाटलं, कंपनीने ट्रंकेतून सामान काढलं, गोळ्या झटकायच्या राहून गेल्या असतील. जे शेषराव वर्गात कधी बोलला नाही, ते तो परक्या तंबूत कशाला बोलेल? आणि 'आपल्या' म्हणाला होता. तो शब्द खेळातल्या नोकराकडे नव्हताच, तो माझा आणि त्याचा होता. बाहेर येऊन मी चिठ्ठीवर पुतण्याचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं, वेलांटीसुद्धा चुकली नाही. पेटीत टाकताना नत्थुजी मागेच होता.

निकालाला अवकाश होता म्हणून आम्ही चहाच्या बाकावर बसलो. चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या, आता बोलायला हरकत नव्हती. नत्थुजीने बशीत चहा ओतला आणि हसत म्हणाला, त्याने बायकोचंच नाव लिहिलं. शेषरावला मात्र आधीच वगळलं होतं. मी विचारलं, का. तो म्हणाला, "त्यानं मले कानात सांगतलं ना. माह्या मायची आन घेतली."

बाकाच्या टोकाला एक अकोल्याचा माणूस बसला होता. त्याने मान वळवली. त्यालाही नोकराने मायची आन घेऊन सांगितलं होतं. त्याच्या साडूलाही. साडू म्हणे कालपासून गावभर सांगत सुटला होता की नोकर बिचारा गरीब आहे, मायची आन घेतो. नत्थुजीची बशी तशीच हातात राहिली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी रविकांतने स्टुलावर चढून सांगितलं की खून नोकराने केला. पुरावा होता घोंगडीत. लोक हळहळले, मग टाळ्या पडल्या, काहींनी शिट्ट्या मारल्या. एवढ्या चिठ्ठ्यांत नोकराचं नाव लिहिणारा एकच निघाला, रेल्वेतला एक मद्रासी गार्ड. त्याला आमची बोली धड कळत नव्हती. नोकर कानात काय म्हणाला ते त्याला समजलं नाही, म्हणून त्याने फक्त गोळ्या पाहिल्या. रेडिओ खांद्यावर घेऊन तो स्टेशनाकडे निघाला.

नत्थुजी मिळेल त्या गाडीने परत जायचं म्हणाला. त्याला वस्तीत बातमी सांगायची होती आणि मला तिथे थांबायचं होतं. मी तंबूच्या मागे गेलो. शेषराव बादलीत तोंड धूत होता. मला पाहून त्याला खरंच आनंद झाला. त्याने मला गळामिठीच घातली असती, पण मी हात पुढे केले नाहीत.

"कसा होता?" त्याने विचारलं. "मालक म्हणते, असा नोकर त्यायले पुण्यातही भेटला नाई."

मी म्हटलं, मायची आन घेतलीस.

तो तोंड पुसत समजावायला लागला. ती शपथ त्या नोकराची, त्याच्या मायची, आणि त्या नोकराला माय नाहीच, कारण तो नोकरच नाही. खोटं बोलायचं हेच त्याचं काम होतं. सोंगातलं खोटं बोलल्यानं आपण रोज म्हणतो ते पंचशील मोडतं काय, हे उत्तमराव मास्तरांना विचार. आपल्या बोलीत बोल ही अक्कल मालकाचीच. इकडची माणसं तुला ओळखतील, ओळख लपवू नको, तिचाच उपयोग कर, असं मालक म्हणाला होता. मी ऐकून घेतलं. त्यातलं काही चूक आहे असं मला तेव्हा दाखवता आलं नाही, आजही येणार नाही.

मी एवढंच विचारलं, "नत्थुजीले 'माह्या मायची' म्हटलं. मले 'आपल्या' काहून?"

त्याने पंचा पिळला.

"तू घोंगडीपाशी लय वेळ उभा होता. तुहं साध्या शपथेनं भागलं नसतं."

"गप्प राह्यला असता तरी चाललं असतं."

"गप्प राह्यलो असतो तं तू बरोबर लिवलं असतं."

आतून कंपनीची माणसं बंगल्याच्या भिंती उतरवत होती, कापडाच्याच होत्या. मग त्याने सांगितलं की कंपनी आता खामगावला जाणार आहे, तिथून खाली खानदेशात. तोही जाणार. जिनात परत येणार नाही. मायला ते मीच सांगावं अशी त्याची इच्छा होती.

"तिले म्हण, पुढच्या हिवाळ्यात येतो. नक्की येतो म्हण. आपल्या मा—"

तिथेच थांबला. माझ्याकडे पाहिलं आणि बादलीतलं पाणी लवंडायला वळला.

सकाळी वस्तीत पोहोचलो तेव्हा सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं. उत्तमराव मास्तर दारातच भेटले. त्यांनी रेडिओचं काढलं नाही, चिठ्ठी स्वतः लिहिली ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मुलं अंगणात खेळत होती. एकाने दुसऱ्याला गोटी ढापल्याबद्दल मायची आन घ्यायला लावली, तर दुसरा म्हणाला, घरातली घेऊ की तंबूतली. सगळी हसली. पुढे कितीतरी वर्षं आमच्या वस्तीत हे चाललं. कुणी शपथ घेतली की पहिला प्रश्न तोच. ज्या एका शब्दावर आमचे व्यवहार, भांडणं, सोयरिकी चालायच्या, तो थट्टेचा झाला.

माय चुलीपुढे होती. नत्थुजीचं तिने ऐकलं होतं. मी जेवायला बसलो नाही, उभ्यानेच तिला निरोप सांगितला: शेषराव कंपनीबरोबर गेला, पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाला. तिने भाकर उलटली, कडा दाबल्या. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं.

"शपथ घेऊन म्हटलं काय त्यानं?"

"नाई. घेणार होता. घेतली नाई."

"मंग येईन तो," ती म्हणाली आणि मला पाटावर बसायची खूण केली.

तिचं तेवढ्यावर भागलं. मी बसलो, तिने वाढलं ते जेवलो. त्यानंतर तिच्याविषयी बोलताना 'आपली माय' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. शेषराव पुढच्या हिवाळ्यात आला, आम्ही बोललो, एकत्र जेवलोही, पण तो तिला 'आपली माय' म्हणाला की मी भाकरीकडे पाहत राहायचो.