कुणाची हरकत?

"सकाळी पहिलं बोलणं देवाशी. दुपारची पूजा होईपर्यंत माणसांसाठी तोंड उघडायचं नाही. बघ, निम्मी भांडणं आपोआप मिटतात."

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी हे सांगितलं आणि मी ते धरलं ते आजतागायत. त्यांचं म्हणणं खरं निघालं. निम्मी भांडणं मिटली. उरलेली दुपारनंतर निवांत करता येतात.

आमच्या भागात जमिनी राखणारी एक संस्था आहे. आपल्या माघारी आपली जमीन विकली जाऊ नये, तिच्यावर इमले उठू नयेत असं ज्यांना वाटतं, ते ती संस्थेला देतात आणि आम्ही ती आहे तशी ठेवतो. आम्ही म्हणजे तिघं, सगळेच बिनपगारी. अध्यक्ष निवृत्त मोजणीदार. त्यांना सगळे साहेब म्हणतात. दुसरे दाताचे डॉक्टर. तिसरी मी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली आहे, तिथं बसतो. खालून हातोडीचे ठोके चालू असतात, त्यामुळे कुणी फार लांबण लावत नाही.

आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. साहेब विचारतात, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की मंजूर. हरकत घ्यायची तर समोर बसून, तोंडानं. एकदा निनावी चिठ्ठ्यांपायी संस्था फुटायची वेळ आली होती, तेव्हापासून कागदावरची हरकत धरत नाहीत. मात्र एकट्याचीही पुरते. आणि सह्या करण्याआधी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. बैठका संध्याकाळी, म्हणून माझं मौन कधी कुणाच्या आड आलं नाही.

काल मात्र बैठक सकाळी होती. गोदामं बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाला दोन्ही दिवस सकाळचाच वेळ होता. पहिल्या दिवशी नुसते नकाशे बघायचे असतील, असं मी धरून चालले होते.

साहेबांनी नकाशा पसरला आणि बोट नेमकं सुईणबाईंच्या खळग्यावर ठेवलं. लव्हाळ्यानं भरलेली पाणथळ जागा, त्यांनी संस्थेला दिलेली. ती कंपनीला द्यायची आणि बदल्यात पलीकडचा चौपट मोठा डोंगरउतार घ्यायचा.

"झाडं आहेत, जमीन सलग आहे," साहेब म्हणाले. "खळग्यात आहे काय? चिखल आणि बेडूक."

साहेब वाईट नव्हेत. हिशेबानं त्यांचं चूकही नव्हतं. पण तो खळगा घेताना सुईणबाईंच्या ओट्यावर बसून "तुमची जागा आहे तशी राहील" हे संस्थेच्या वतीनं मी बोलले होते. मी हात वर केला.

"ताईंना वारा लागतोय, डॉक्टर, ती खिडकी लावा बघू," साहेब म्हणाले.

खिडकी लागली. मी जोरजोरानं मान हलवली. डॉक्टरांनी खिडकी पुन्हा उघडली. मी पर्समधून पेन काढलं, तर ते उमटेना.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. खाली हातोडी नेमकी थांबली. मला माझा श्वास ऐकू येत होता. तोंड उघडलं असतं तर जीभ काही झडली नसती. पण इतक्या वर्षांची ओठांची सवय. ते हललेच नाहीत. साहेब म्हणाले, "मंजूर. सह्या उद्या सकाळी." आणि सगळे चहाला उठले.

दुपारची पूजा कशी केली मला माहीत नाही. शेवटचं फूल वाहिलं आणि उठून डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, माझी हरकत होती!"

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो, नेमकं तुम्हालाच सांगायचं राहिलं."

"थट्टा नको. आता साहेबांना सांगितलं तर?"

"ते म्हणणार, बैठकीबाहेर ऐकत नाही. नियम त्यांचाच. उद्या सह्यांच्या आधी पुन्हा विचारतीलच की, तेव्हा बोला."

"उद्या सकाळी?"

 डॉक्टर हळूच म्हणाले, "हां. तेही आहेच."

घरात बसवेना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. घडी केलेल्या चादरी मोडून पुन्हा घड्या घातल्या. ह्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग म्हणाले, "चादरींनी काय घोडं मारलंय तुझं? जिच्याकडे जायचंय तिच्याकडे जा ना."

सुईणबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्या गुडघा चोळत होत्या.

"डोंगर मोठा आहे का गं?"

"चौपट."

"झाडंबिडं?"

"आहेत."

"मग तुझे साहेब शहाणे आहेत." त्या हसल्या. मग हसू गेलं. "जन्मभर मी रात्री-अपरात्री लोकांच्या घरी धावले. जाईन तिथं कुणी ना कुणी कळवळतंय, कुणी हाका मारतंय. त्या खळग्यात कुणाला माझ्याकडून काही नको असायचं. कुणीच काही करू नये अशी एक तरी जागा असावी, म्हणून दिली. दुसरं कारण नाही."

"उद्या मी बोलेन."

"सकाळी? तुझं व्रत आहे ना? नको बाई. देवाचा शब्द मोडून माझा पाळलास तर ते पाप माझ्या डोक्यावर. गेला खळगा तर गेला."

"तुमच्या डोक्यावर कशाला? दोन्ही शब्द मीच दिलेत. त्यांचं काय करायचं ते मी बघते. उद्या बोलेन, म्हणजे बोलेन."

त्यांनी माझा हात धरला. चांगला दुखेल इतका दाबून धरला आणि सोडून दिला.

आज उजाडता उजाडता दिव्यापुढे बसले. जपात दोनदा चुकले. मणी बोटांतून सटकत होते आणि मनात सारखं साहेबांचं तोंड येत होतं. ते चिडतील. काल गप्प बसून आज कसली हरकत, म्हणतील. कंपनीचा माणूस घड्याळ बघेल. डोंगरउतार हातचा जाईल आणि तो माझ्यामुळे गेला हे वर्षानुवर्षं ऐकावं लागेल. आणि उद्या सकाळी पुन्हा इथं बसले, तर मौन पूर्वीसारखं लागेल का? देवाला एवढंच सांगितलं, की आज तुझ्यामागोमाग लगेच साहेबांशी बोलणार आहे. त्यानं होकार दिला असं म्हणणार नाही. तो ऐकायला मी थांबलेच नाही.

ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीस का? घसा कोरडा पडेल."

मी परत फिरून बाटली घेतली. ह्यांना मानेनंच हो म्हटलं. चपला चढवल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि चालू लागले.