समोरच्या बाजूची वकिली

सकाळपासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा म्हणाला, "जगाला शांतता शिकवतेस आणि घरात कपबशा आपटतेस. दिव्याखाली अंधार!" एरवी बाईंनी त्याला असा सोडला नसता. आज नुसती पर्स उचलली आणि निघाल्या.

विद्यापीठातला शांतता आणि न्यायाचा अभ्यासक्रम बाईंनीच उभा केलेला. एकमेकांशी लढलेल्या दोन देशांची मुलं इथे एका वसतिगृहात राहायची, एकाच स्वयंपाकघरात भांडत शिजवायची आणि वर्षाच्या शेवटी सराव-न्यायालयात उभी राहायची. तिथे बाईंचा नियम एकच: प्रत्येकाने समोरच्या देशाची वकिली करायची. आपली बाजू काय, कुणीही मांडतं. येणारे पाहुणे या नियमाचं तोंड भरून कौतुक करत. बाईंनाही ते गोड लागे, खोटं कशाला बोला.

यंदाचा खटला गावातून माणसं उचलून नेणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्यावर होता. खटला बनवलेला, अधिकारीही बनवलेला. तो समोरच्या देशाचा, म्हणून त्याचा बचाव आला मैनेकडे. सतत बोलते म्हणून पोरींनी तिला मैना केलं होतं. तिचा दादा असाच उचलून नेलेला, तो परत आला नव्हता. काल संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मला दुसरं काहीही द्या. एवढं नको."

"नियम सगळ्यांना सारखा, बाळा," बाई म्हणाल्या. "याचसाठी आलीस ना इथे?"

मैना गेली. रात्री वसतिगृहात जेवायला मात्र आली नाही. हे बाईंच्या कानावर आलं, पण शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

सभागृह भरलं. समोरच्या देशाचा मुलगा खटल्यातल्या बेपत्ता पोराच्या आईची बाजू मांडायला उठला आणि दोन वाक्यांतच कागद ठेवून खाली बसला. मग मैना उठली. आवाज एकदम स्वच्छ.

"या आईने अधिकाऱ्याला अंधारात पाहिलं. तेव्हापासून तिला प्रत्येक वर्दीत तोच चेहरा दिसतो. बाजारात दिसतो, बसमध्ये दिसतो. तिचं दुःख खरं आहे. पण दुःख म्हणजे पुरावा नाही."

हे तिने पुस्तकातून नाही, घरातून आणलंय, हे बाईंना तिथेच उमगलं. थांबवावंसं वाटलं, थांबवलं नाही. न्यायाधीश झालेल्या तीन मुलांनी अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे हातही वाजले, सवयीने.

मैना टेबलाला धरून उभी होती. बाई जवळ गेल्या तेव्हा तिचा फोन थरथरत होता. पडद्यावर 'आई'.

"आज वादविवादाची स्पर्धा आहे एवढंच माहीत आहे तिला," मैना म्हणाली. "काय सांगू, बाई? जिंकले म्हणून सांगू?"

बाईंनी फोन हातात घेतला, कानाला लावला.

"झालं का गं?" पलीकडून अधीर आवाज आला. "माझी पोर कुणाच्या बाजूने बोलली?"

बाईंनी तोंड उघडलं. मैना त्यांच्याकडे बघत होती, आणि मागे टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.