तिसऱ्या कडव्याआधीचा ठोका

दणक्या सत्तरीला टेकला, तरी त्याला सगळे अजून दणक्याच म्हणत. त्यात गैर काय? ज्या माणसाने बावीस वर्षं एका रॉक बँडमध्ये ड्रम बडवले, त्याला काय मंजुळ म्हणायचं? चौघांचा बँड तो. तिघं एकामागून एक गेले, हा एकटा मागे उरला. गाणी मात्र कुठे जायला तयार नाहीत! न्हाव्याकडे जा, तीच. टॅक्सीत बसा, तीच. परवा दाताच्या डॉक्टरकडे हा तोंड वासून पडलेला, तर तिथेही तेच गाणं, आणि डॉक्टर पायाने ताल धरतोय. तोंड उघडं होतं, पण बोलणार कसा?

तर त्या बँडच्या बारा गाजलेल्या गाण्यांची नवी आवृत्ती निघणार होती. मूळ टेपा एका गोदामात सापडल्या होत्या. इतक्या जुन्या टेपा चिकट होतात, तशाच लावल्या तर वरचा थर सोलून निघतो. म्हणून आधी मंद आचेवर सात-आठ तास शेकायच्या आणि मग हलक्या हाताने संगणकात उतरवून घ्यायच्या. हे काम करणाऱ्या टेपवाल्या बाईंचा फोन आला, ‘काका, एकदा ऐकून जा,’ तेव्हा दणक्याने पहिलाच प्रश्न टाकला, ‘चूक दुरुस्त होते का हो?’

चूक कुठली, ते त्याने चव्वेचाळीस वर्षांत कुणापाशी बोललं नव्हतं, त्या फोनवर पहिल्यांदा सांगितलं. बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर चौघंही थांबतात. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मनात चार मोजायचे, आणि पाचव्याला चौघांनी एकदम उसळायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी दणक्या अर्धा ठोका आधीच उसळला. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, पुढची मंडळी वाद्यं घेऊन दाराशी उभी होती. गाणं तसंच बाहेर पडलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. जाणकारांनी लिहिलं, काय हे धाडस! धाडस कसलं डोंबलाचं, घाई झाली होती. आणि बाकीच्या तिघांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. हेच त्याला जास्त लागलं. आपली कीव करून सोडून दिलं, असं तो धरून बसला. आता मरायच्या आधी तेवढा एक डाग पुसायचा होता, बस. दुपारी तीनला गाणी तबकड्यांवर छापायला जाणार होती, म्हणजे काय ते आजच.

बाईंच्या स्टुडिओत वहिनीही आली होती. वहिनी म्हणजे गायकाची बायको. गाण्याचे शब्द तिनेच लिहिलेले, त्यामुळे काही बदलायचं तर तिचा होकार हवा.

‘भाऊजी, तुमचं समाधान होत असेल तर माझं काही म्हणणं नाही,’ ती खुर्चीत बसत म्हणाली. ‘पण मला तर त्यात काही चुकलेलं वाटत नाही.’

‘तुम्हाला नाही वाटणार. मला विचारा.’

टेपवाल्या बाईंनी काम आधीच करून ठेवलं होतं. त्या दिवशी चौघं चार काचेच्या खोल्यांत बसून वाजवत होते, त्यामुळे प्रत्येकाचा आवाज टेपवर वेगळा होता. बाईंनी दणक्याचा ठोका अलगद अर्ध्या मात्रेने उशिरा सरकवला आणि गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. शांतता. एक, दोन, तीन, चार. ठोका बरोब्बर पाचव्याला पडला.

दणक्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. ‘हे काय? गिटारवाला अडखळला की! आणि हा? गाताना तोंडात आलेला शब्द अर्ध्यात गिळला याने?’

‘मलाही तेच कळेना,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून तर तुम्हाला ऐकवलं, काका. थांबा, तुमचे ड्रम बंद करते. बाकीचे तिघं मूळचे कसे आहेत ते ऐका.’

बाईंनी बटण फिरवलं. आजवर स्वतःच्याच दणदणाटाखाली जे झाकलं गेलं होतं, ते दणक्याने पहिल्यांदा ऐकलं. गिटारवाल्याची बोटं पाचव्याची वाट बघत तारेवर टेकलेली होती, त्याची बारीक खरखर आली, आणि पुढच्याच क्षणी त्याने सूर अर्ध्यात खेचून काढला. बेसवाल्याने दोन सुरांच्या जागी एकच टाकला आणि उडी मारून पुढे आला. आणि गायक. ‘थांब, मी येतोय,’ ही ओळ. पहिल्या दोन कडव्यांत पूर्ण आहे. तिसऱ्यात ‘थां’ एवढं त्याच्या ओठांवर आलं, ते त्याने तिथेच चावून टाकलं आणि थेट ‘मी येतोय’वर जाऊन उभा राहिला. डोळ्याचं पातं लवायच्या आत! एकमेकांना विचारायला वेळ नव्हता, खूण करायला नव्हता. तिघं तीन खोल्यांत, आणि तिघंही एकदम दणक्याजवळ येऊन पोचले.

दणक्या पुढे वाकला. ‘पुन्हा लावा,’ तो म्हणाला. बाईंनी पुन्हा लावलं. मग त्याने तिसऱ्यांदा मागितलं. चव्वेचाळीस वर्षं मैदानं भरभरून माणसं तिसऱ्या कडव्याला ‘थांब’ न म्हणताच ओरडतात. पोरंसोरंसुद्धा. सगळ्यांना वाटतं, त्या प्रियकराला आता धीर निघेना, काय कल्पना आहे! आणि ती जागा कुणासाठी मोकळी सोडली होती, तर या घाईखोरासाठी. केवढं हे! त्याला बसवेना, म्हणून तो उठून भिंतीला टेकून उभा राहिला.

‘म्हणजे ठोका दुरुस्त केला की चूक यांच्यावर जाते,’ वहिनी सावकाश म्हणाली. ‘भाऊजी, या एका शब्दावरून मी ह्यांना आयुष्यभर टोचून खाल्लं. माझा शब्द विसरलातच कसा म्हणून. भांडणात काढायची, पाहुण्यांसमोर काढायची. हे आपले हसायचे. म्हणायचे, विसरलो बाई, डोकंच फिरलं होतं माझं. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाले, तेवढा एक शब्द माफ कर.’ तिने डोळे पुसले. ‘तुमचं नाव एकदाही तोंडातून निघालं नाही हो त्यांच्या.’

दणक्या हमसून रडला. सत्तर वर्षांचा माणूस, त्या टेपवाल्या बाईंसमोर, खुशाल रडला. त्याची कुणी कीव केली नव्हती. त्याला तिघांनी हातोहात झेललं होतं, आणि झेलल्याचं सांगायचीही गरज कुणाला वाटली नव्हती.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ‘काका, तीनला द्यायचंय. कुठलं पाठवू?’

‘जसं होतं तसं. ते सरकवलेलं पुसून टाका.’

‘मग झालं तर,’ वहिनी पर्स उचलत म्हणाली. ‘निघूया?’

दणक्या हलला नाही. त्याने खुर्ची यंत्राजवळ ओढली आणि नाक पुसलं.

‘अजून अकरा गाणी आहेत ना, बाई? एकेकाचा आवाज असाच वेगळा करून ऐकवा. मीही कधी यांच्यापैकी कुणाला झेललं असेल, तर तेवढं मला कळू दे.’